नकाशात नसलेली खोली

आजी भिवंडीला जाऊन कोणाला शिकवते, असं तुम्ही दोघं लहानपणी फोनवर विचारायचात. तुमची आई घाईत असली की सांगून टाकायची, "ज्या मुलांना ऐकू येत नाही, दिसत नाही, त्यांना." ते तितकंसं खरं नव्हतं. निवृत्त झाल्यावर मुलांना शिकवणं संपलं. भिवंडीत मी मुख्याध्यापकांना शिकवत होते.

सगळी नोकरी शाळांत काढल्यावर एक गोष्ट मला पक्की कळली होती. ऐकू न येणारं किंवा चालता न येणारं मूल वर्गात कुठं बसणार, मुळात वर्गात बसणार की नाही, हे वर्गावरच्या बाई ठरवत नाहीत. ते मुख्याध्यापकांच्या खोलीत ठरतं, आणि पुष्कळदा कोणी न ठरवताच ठरतं. म्हणून शिक्षण विभागाने विचारलं तेव्हा मी सांगितलं, मला शिक्षक नकोत, मुख्याध्यापक द्या, आणि एकदम पंचवीसपेक्षा जास्त नकोत. ठाण्याहून मी टॅक्सीने जायचे. डबा, पाण्याची बाटली, लाल पेनं आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा, एवढं सामान.

त्या प्रशिक्षणाच्या काळात मी एक नकाशा काढला. त्याच्याबद्दल तुमच्या आईलाही मी आजवर नीट सांगितलेलं नाही. आता लिहून ठेवते.

प्रशिक्षण एका शाळेच्या सभागृहात असायचं. भिंतीला लागून लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता. भिवंडीत लूमचा आवाज पहिला तासभर ऐकू येतो, मग कान तो ऐकायचं सोडून देतो. पण कप बशीत थरथरत राहतो, बाटलीतल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उठत राहतात. आपण आवाज विसरलो तरी जमीन विसरत नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

चौथ्या आणि शेवटच्या दिवशी, गुरुवारी, मी नकाशाचा पाठ घ्यायचे. प्रत्येकाने आपली शाळा कोऱ्या कागदावर आठवणीने काढायची. सगळ्या खोल्या, जिने, नळ, संडास. मग लाल पेन घ्यायचं आणि ज्या मुलाला काही वेगळी गरज आहे ते मूल जिथं बसतं तिथं एक टिंब द्यायचं.

"मॅडम, बी.एड.नंतर चित्रकला आजच," एकाने सुरुवात केली.

"सर, ही शाळा आहे का म्हशीचा गोठा?" शेजारच्या बाईंनी त्यांच्या कागदात डोकावून विचारलं.

"गोठ्यात निदान हवा येते हो, बाई. माझ्याकडे पंखे पण बंद आहेत."

हसत हसत काम व्हायचं, आणि टिंबं द्यायची वेळ आली की हसणं कमी व्हायचं. बहुतेक सगळी टिंबं दाराजवळ किंवा शेवटच्या बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला पडायची. ते कागद मी तसेच फळ्यावर लावायचे. बोलणं मग आपोआप सुरू व्हायचं.

त्या वेळी या सगळ्याला घाई होती. मुलांच्या तपासणीचं शिबिर वर्षातून एकदा लागायचं. कानाचे, डोळ्यांचे डॉक्टर यायचे, तिथून पुढे प्रमाणपत्र, श्रवणयंत्र, शिकवायला विशेष शिक्षक. शाळांकडून नावांची यादी शनिवारी दुपारपर्यंत जायची होती. यादीत नाव नसलेलं मूल पुढच्या वर्षापर्यंत थांबणार, आणि कानाच्या बाबतीत एक वर्ष फार मोठं असतं.

वर्गात एकाच इमारतीचे दोन मुख्याध्यापक होते. सकाळी तिथं मराठी शाळा भरायची, दुपारी उर्दू. सकाळचे सर इथलेच, खाडीकडच्या गावातले. त्यांच्या घराण्याच्या शेतावर आता गोदामं उभी होती, म्हणून बाकीचे त्यांना गोदामवाले सर म्हणून चिडवायचे. ते म्हणायचे, "गोदामात पोरं नसतात हो, करमत नाही." दुपारच्या मुख्याध्यापिकांना सगळे आपा म्हणत. किडकिडीत, चष्म्याला साखळी, बोलायला चटपटीत. दोघं सभागृहाच्या दोन टोकांना बसायचे. भांडण नव्हतं, ओळखच नव्हती. सकाळची शाळा सुटायची आणि दुपारची भरायची, यांच्यामध्ये जेमतेम पंधरा मिनिटं. आपा म्हणाल्या होत्या, "मला सरांची स्कूटर माहिती आहे, मॅडम. सर इथंच पहिल्यांदा भेटले."

दोघांनी प्रशिक्षणासाठी भरलेल्या अर्जात विशेष गरजा असलेल्या मुलांच्या रकान्यात शून्य होतं. दोघांच्याही नकाशात टिंब नव्हतं.

दुपारी सगळे चहाला गेले तेव्हा मी त्या दोघांचे कागद एकावर एक ठेवून खिडकीला धरले. इमारत एकच, मग रेषा जुळतात का, एवढंच बघायचं होतं. छान जुळल्या. जिना, नळ, खिचडीची शेड, खालचे वर्ग. वरच्या मजल्यावर मात्र दोन्ही कागदांत चार खोल्या होत्या. त्या इमारतीत मी आधी विभागाच्या पाहणीसाठी तीनदा जाऊन आले होते. वर पाच खोल्या आहेत. पाचव्या खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरांत "संसाधन कक्ष" लिहिलेलं आहे, कारण ती खोली याच मुलांसाठी सजवून दिलेली होती. जाड गाद्या, मोठा आरसा, चालायच्या सरावाचे दांडे, बहुतेक सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. दोघांनी वेगवेगळ्या टोकांना बसून तोच एक कोपरा सोडला होता.

मी दोघांना बोलावलं.

"ही खोली कुठं गेली?"

सरांनी कागदाकडे पाहिलं आणि कानामागे खाजवलं. "राहिली वाटतं."

"तुमचीही राहिली, आपा?"

आपा सरांकडे पाहू लागल्या. सर खिडकीबाहेर पाहू लागले.

"मॅडम, ती खोली सोडा," सर म्हणाले.

"का?"

"शुक्रवारी लूम बंद असतात ना. सगळं शांत. तेव्हा त्या खोलीत लूम चालतो."

मला वाटलं, गंमत करताहेत. पण आपांनी पदर सावरला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "शुक्रवारी आम्ही पोरांना नमाजसाठी लवकर सोडतो. बिल्डिंग खाली होते. मी पण ऐकलंय, मॅडम. एकच लूम. खट खट, खट खट. मेन स्विच बंद करून पाहिला, तरी चालूच."

"वर जाऊन पाहिलं का?"

"कोण जाणार?" दोघं एकदमच म्हणाले.

तुम्हाला माहीत आहे, मी अशा गोष्टी ऐकून घेणारी बाई नाही. माझ्या वडिलांनी मला इंग्रजी शाळेत घातलं ते अंधश्रद्धा घालवण्यासाठीच, असं ते सांगायचे. मी म्हटलं, "उद्या शुक्रवारच आहे. मी येते."

घरी आले. चहा घेतला, जेवणाच्या टेबलावर कागद पसरले. माझा एक नियम होता. जो पाठ मी दुसऱ्यांना देते तो आधी स्वतः करायचा. त्या इमारतीचा नकाशा मी कधी काढला नव्हता, म्हणून काढायला बसले. दहा मिनिटांत झाला. वर पाच खोल्या. मग सवयीने लाल पेन उचललं, पाचव्या खोलीत भिंतीच्या कडेला टिंब दिलं, पेनाला टोपण लावलं.

आणि मग मला दिसलं, मी काय केलं ते.

मी कोणासाठी टिंब दिलं होतं? कोणी नव्हतं. माझ्याच सहीचा पाहणी अहवाल समोर पडला होता आणि त्यात शून्य होतं, तीन भेटींची तीन. घरात मी एकटी. बाहेर अजून उजेड होता. तरीही मी उठून दिवा लावला.

मग थोडं थोडं आठवायला लागलं. पहिली भेट सकाळची. खोलीत बाकावर कोणीतरी बसलेलं होतं, अनवाणी, चपला बाजूला नीट जोडून ठेवलेल्या. दुपारच्या शाळेची मुलगी असेल, लवकर आली असेल, असं मला वाटलं होतं. दुसरी भेट दुपारी. त्याच चपला. सकाळच्या शाळेची असेल, आईची वाट बघत असेल. तिसऱ्या भेटीत मी गाद्यांचे फोटो काढले होते. ते मी फोनमध्ये शोधले. प्लास्टिकमधल्या गाद्या, आरसा, दांडे. एका फोटोत डाव्या कडेला एक हात होता. फक्त कोपरापर्यंत, मांडीवर ठेवलेला. बाकीचं मूल फोटोच्या बाहेर होतं.

शुक्रवारी मी पोचले तेव्हा सगळी गल्ली गप्प होती. लूम बंद पडले की भिवंडीत एक विचित्र पोकळी होते, कानात दडे बसल्यासारखी. सर सकाळची शाळा सुटल्यावर थांबले होते. आपांनी थोड्या वेळाने त्यांची मुलं सोडली. शेवटची मुलगी दप्तर सावरत फाटकाबाहेर गेली आणि इमारतीत आम्ही चौघं उरलो. दोघं मुख्याध्यापक, मी आणि शिपाईमामा.

आवाज सुरू झाला होता. मी तो खाली नळापाशीच ऐकला. खट खट, खट खट. घाई नाही, खंड नाही. अगदी लूमसारखा.

"मी इथंच थांबतो," शिपाईमामा जिन्याच्या पहिल्या पायरीला टेकून म्हणाले. "कोणाला चक्कर आली तर पाणी आणायला कोणीतरी खाली पाहिजे."

"तुम्हीच आडवे व्हाल, मामा," आपा म्हणाल्या, पण त्यांनीही सरांना पुढे जाऊ दिलं.

आम्ही वर गेलो. आवाज मोठा होत गेला. पाचव्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. सरांनी ते ढकललं, ते करकरलं. आवाज थांबला नाही.

दाराकडे पाठ करून बाकावर एक मुलगी बसली होती. सात-आठ वर्षांची. शाळेचा गणवेश, लाल रिबिनीच्या दोन वेण्या, चपला बाजूला जोडून. दोन्ही तळवे ती बाकावर आपटत होती, एक, मग दुसरा, आणि अनवाणी तळपाय जमिनीवर. तोंड भिंतीकडे होतं.

"ए बाळा," सर म्हणाले. ती वळली नाही. "ए पोरी!" सर ओरडले. ती वळली नाही. आपा पुटपुटत काहीतरी म्हणू लागल्या. खरं सांगते, मीही दारातच थांबले. आवाज भुताचा असता तरी मला इतकी भीती वाटली नसती. माणूस समोर आहे, हाक पोचत नाही आणि हात थांबत नाहीत, हे फार वेगळं होतं.

मी भिंतीच्या कडेने फिरून तिच्या समोर गेले. मी दिसल्याबरोबर हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला ओळखलं. चपला हातात घेऊन ती पटकन बाकाच्या टोकाला सरकली, भिंतीला चिकटून बसली. मला कळेना ती का सरकते आहे. मग कळलं. मी फोटो काढायला आले आहे, असं तिला वाटलं होतं. ती फोटोतून बाजूला होत होती.

"कोणाची मुलगी ही?" मी विचारलं.

"आपांची," सर म्हणाले, त्याच क्षणाला आपा म्हणाल्या, "सरांची." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

दोघांनाही ती माहीत होती. हे मला सर्वांत जड गेलं. शाळेत सगळ्यांनी तिला पाहिलेलं होतं, नळावर, जिन्यावर, वरच्या खोलीत. सकाळच्या शिक्षकांना ती दुपारची वाटायची, दुपारच्यांना सकाळची. दोन्ही शाळांचा गणवेश एकच. ती कोणाला त्रास द्यायची नाही, बोलायची नाही, मागायची नाही. शुक्रवारचा आवाज आणि ही गप्प मुलगी, हे दोन कोणाच्याच डोक्यात एकत्र आलं नव्हतं. आणि मला तरी काय वेगळं दिसलं होतं?

खाली आवारातल्या खिचडीच्या शेडमध्ये स्वयंपाकाच्या मावशी पातेली घासत होत्या. मुलगी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली, रोजच्यासारखी.

"मावशी, ही रोज येते?" सरांनी विचारलं.

"ही व्हय? दोन टायमाला जेवती. सकाळच्या पोरांत पण, दुपारच्या पोरांत पण."

"मग कधी सांगितलं नाही?"

"कुनाला सांगू, सर? मला वाटलं, दोन साळा शिकते पोरगी. हुशार आसंल."

आपा हसायला गेल्या आणि त्यांना रडू आलं. चष्मा काढून त्या शेडच्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

मुलीची आई साडेपाचला आली. दापोड्याला गोदामात माल भरायचं काम करायची. अंबाडीच्या पलीकडच्या गावातली, आता शाळेमागच्या चाळीत राहायला. आम्हाला तिघांना खुर्च्या टाकून बसलेलं पाहून ती फाटकातच थबकली.

"काय केलं हिनं?"

"काही नाही केलं, ताई. या, बसा," मी म्हटलं.

तिने सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी ती मुलीला घेऊन सकाळी शाळेत आली होती. पोरीला ऐकू कमी येतं, असं तिनं सांगितलं. कोणीतरी बाई म्हणाल्या, वरच्या खोलीत बसू द्या, तिच्यासाठी वेगळ्या बाई येतात. त्या फिरत्या विशेष शिक्षिका तेव्हा खरंच येत. काही दिवसांनी त्यांची बदली झाली. ज्या बाईंनी वर बसवायला सांगितलं त्या कोण, हे आईला सांगता येईना, सरांनाही आठवेना. आई रोज सकाळी कामावर जाताना मुलीला फाटकात सोडायची आणि संध्याकाळी न्यायची.

"रोज तेल लावून वेनी घालून धाडते मी," ती म्हणाली. "पाटी कोरीच येते घरी, पन मी म्हनलं, डोक्यात ठेवत आसंल. बोलता येत न्हाय तिला, मंग दाखवनार कशी?"

सर खाली बघत होते. सांगायचं त्यांनाच होतं. त्यांनी ते सांगितलं, चांगलं सांगितलं, लपवलं नाही. तिचं नाव कोणत्याच शाळेच्या पटावर नाही. तिला कोणीही शिकवत नव्हतं.

आई ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "मंग दोन वर्सं ती व्हती कुठं?"

मुलगी आईच्या हातातली पिशवी धरून उभी होती.

सर उठून कपाटातलं जनरल रजिस्टर घेऊन आले. प्रत्येक मुलाचा प्रवेश त्यात नोंदला जातो. त्यांनी दोन वर्षांपूर्वीचं पान काढलं. "इथं एक ओळ रद्द केलेली आहे," ते मला एकीकडे घेऊन म्हणाले. "तिथं बसवू तिला. तिची दोन वर्षं वाचतील, मॅडम. चौकशीही होणार नाही. कोणाचं नुकसान आहे?"

मी लगेच नाही म्हटलं नाही. तुम्हाला हे सांगितलंच पाहिजे. मी विचार करत होते, आणि तो मुलीचा विचार नव्हता. आजची तारीख टाकली, तर काल ती पटावर नव्हती, म्हणजे माझी तिन्ही शून्यं बरोबर. मागची तारीख टाकली, तर माझी शून्यं खोटी. मी आजच्या तारखेच्या बाजूची होते, आणि ती बाजू का आवडते आहे हे मला चांगलं कळत होतं.

आपा म्हणाल्या, "सर, प्रवेश वर्षात कधीही देता येतो. आज लिहा. मागचं कशाला?"

"तिचीच दोन वर्षं जातील, आपा."

"ती तर गेली."

आम्ही हळू बोलत होतो, पण आईने ऐकलं होतं. ती पुढे आली. तिला वाचता येत नव्हतं, पण कोऱ्या आणि भरलेल्या ओळी दिसत होत्या.

"आजची टाका," ती म्हणाली. "मागचं लिवलंत तर मी कुनाला विचारू, ती कुठं व्हती म्हून?"

सरांनी आजच्या पानावर नाव लिहिलं. पेन अडखळायला लागलं तेव्हा आपांनी त्यांचं दिलं. आईचा अंगठा घेतला. तिथंच बसून मी एक कागद लिहिला, की या मुलीला मी तीन भेटींत तीनदा पाहिलं होतं आणि तिन्ही वेळा शून्य लिहिलं. सही केली आणि तो यादीला जोडायला सरांना दिला. त्या कागदावरून मला कधीच कोणी काही विचारलं नाही.

शनिवारी सकाळी सर स्कूटरवरून यादी घेऊन शिक्षण विभागात गेले. कारकून म्हणाला, काल प्रवेश आणि लगेच शिबिर? सर तिथंच खुर्ची ओढून बसले आणि पोच मिळेपर्यंत उठले नाहीत, असं आपांनी मला फोनवर सांगितलं. सरांचा फोन नंबर त्यांच्याकडे आता होता.

दुसऱ्याच दिवशी शिबिरात डॉक्टर म्हणाले, जवळजवळ काहीच ऐकू येत नाही, बहुधा जन्मापासून. यंत्राने थोडा फायदा होईल. दोन वर्षांपूर्वी आणली असती तर जास्त झाला असता. हे त्यांनी आईकडे बघून म्हटलं. मी म्हटलं, "डॉक्टर, आईने आणली होती." त्यांना संदर्भ कळला नाही.

ज्या मुलीला ऐकू येत नाही तिला लूमचा ठेका कसा आला, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती जमिनीतून ऐकत होती. आठवडाभर तिच्या तळपायांखाली जमीन चालू असायची, बाक चालू असायचा. इमारत रिकामी असो, भरलेली असो, तेवढं एक तिच्या सोबत होतं. शुक्रवारी ते बंद व्हायचं. मग ती स्वतः चालवायची.

शिबिरानंतरच्या सोमवारी ती पहिल्यांदा वर्गात बसली. सरांनी मला बोलावलं होतं. मी मागे भिंतीशी उभी राहिले. वर्गाच्या बाईंना आम्ही सांगून ठेवलं होतं की हाक मारू नका, नावाची पाटी दाखवा. तिला पुढच्या रांगेत, खिडकीकडच्या बाजूला बसवलं होतं. हजेरी सुरू झाली. हजर बाई, हजर बाई. मग बाईंनी तिच्या नावाची पाटी वर धरली आणि तिच्याकडे बोट दाखवलं.

सगळ्या वर्गाने वळून तिच्याकडे पाहिलं. मुलांना कुतूहल होतं, दुसरं काही नाही. तिने आधी मागे वळून पाहिलं, ही सगळी कोणाकडे बघताहेत ते. मागच्या बाकावरची मुलंही तिच्याकडेच बघत होती. मग तिच्या लक्षात आलं. तिचा चेहरा मी विसरू शकत नाही. दोन वर्षं तिच्यावरून नजरा गेल्या होत्या, थांबली एकही नव्हती. आता इतके डोळे एकदम थांबले. ती सावकाश खाली सरकली आणि बाकाखाली नाहीशी झाली. वेणीचं टोकसुद्धा दिसेना. पुढच्या रांगेत एक जागा रिकामी दिसू लागली, कधीच कोणी न बसल्यासारखी.

बाईंनी पुढचं नाव घेतलं नाही. हजेरीपट उघडा ठेवून त्या थांबल्या. मग मागे येऊन मला हळूच विचारलं, "मॅडम, हिच्यापुढे काय लिहू?"

मी पुढे गेले, गुडघे टेकले आणि बाकाखाली वाकून पाहिलं. मग उठले आणि म्हटलं, "हजर लिहा."